कामथडीचा वकील

कामथडीतल्या धनाजीच्या घरावर दोन खोल्या बांधून झाल्या आणि आकाशनं, त्याच्या मुलानं, फाटकाला पाटी टांगली : 'खोली भाड्याने देणे आहे.' गाव हमरस्त्याला लागून. आजूबाजूला कॉलेजं निघाली, कारखाने आले, तशी खोल्या शोधणारी माणसंही येऊ लागली. एका खोलीत कारखान्यातला एक कामगार बायकोला घेऊन राहायला आला. दुसरी मात्र दिवाळीपासून रिकामीच होती, आणि जेवायला बसलं की तिचा विषय निघायचाच.

मार्चातल्या एका दुपारी फाटकाची कडी वाजली. धनाजी ओसरीवर आडवा झाला होता. पारूबाई, त्याची बायको, शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. फाटकात एक तरुण उभा होता. उंच, सडपातळ, अंगानं काळाभोर, केस बारीक कुरळे, पाठीला पिशवी. त्यानं चपला फाटकाबाहेरच काढल्या, हात जोडले आणि एकेक शब्द जपून उचलत मराठीत विचारलं, "नमस्कार बाबा. खोली आहे?"

धनाजीनं त्याच्याकडं पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं. समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं माना वळवून इकडंच बघत होती.

"न्हाई," धनाजी म्हणाला. "कालच गेली."

पाटी त्या तरुणाच्या खांद्याशेजारीच हलत होती. त्यानं ती वाचली, धनाजीकडं एकदा पाहिलं आणि "बरं बाबा" एवढंच म्हणाला. तोवर पारूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. तो ओठ न लावता, वरून धार धरून पाणी प्याला. असं पाणी प्यायला त्याला कुणी शिकवलं होतं, की कुठल्याशा दारातल्या अनुभवानं तो आपोआप शिकला होता, कोण जाणे. तांब्या खाली ठेवून तो "येतो आई" म्हणाला आणि उन्हात चालू लागला.

पारूबाई परत शेंगांपाशी बसली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "कुणाला दिली वं खोली?"

"तुला कळत न्हाई," धनाजी कूस बदलत म्हणाला. "गावात ऱ्हायाचंय आपल्याला. उद्या हीच माणसं आपल्या नावानं बोंबलतील."

पारूबाई शेंगा फोडत राहिली. ती भांडली असती तर धनाजीला बरं वाटलं असतं.

वाचकहो, दुसऱ्या कुणाच्या दारात हे घडलं असतं तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. असं रोज घडतं, तुमच्या-आमच्या गल्लीतही घडतं. पण या धनाजीला सगळा गाव 'वकील' म्हणतो. तो शिकलाय जेमतेम दहावी. नव्या पोरांना या नावामागची गोष्ट ठाऊक नाही. एकदा एक नवखा माणूस बांधाच्या भांडणाची कागदपत्रं घेऊन त्याच्याकडं सल्ल्याला आला होता, तेव्हा धनाजी पोट धरून हसला होता. "आरं बाबा, म्या नाटकातला वकील!"

ते नाटक झालं तेव्हा धनाजी ऐन पंचविशीत होता. हमरस्ता त्या वेळी आजच्यासारखा रुंद नव्हता. दोन्ही बाजूंनी वडाची झाडं एकमेकांत गुंतलेली, आणि दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला मातीत उतरावं लागायचं. शाळेवर मानसिंग गुरुजी होते. गावच्या यात्रेत दरसाली नाटक व्हायचं, त्यात राजे असायचे, तलवारी असायच्या, विनोदाला एक बोबडा नोकर असायचा. त्या वर्षी गुरुजींनी स्वतः लिहिलेलं नाटक आणलं. सातासमुद्रापलीकडच्या एका गावात गोऱ्या मालकाच्या धान्याच्या कोठाराला आग लागते, एका काळ्या मजुरावर आळ येतो आणि एक गोरा वकील त्याच्या बाजूनं उभा राहतो. नाटकाला काहीतरी भारदस्त नाव होतं. पण लोकांनी ते कधीच घेतलं नाही. त्यांच्यासाठी ते 'वकिलाचं नाटक' झालं आणि तेवढंच राहिलं.

वकील धनाजी. आरोपी सोमनाथ, बौद्धवाडीतला, धनाजीच्या वर्गातला. काळा मजूर म्हणून सोमनाथच्या तोंडाला काजळी फासायची असं पोरांनी ठरवलं होतं. गुरुजींनी काजळीची डबी त्यांच्या हातातून काढून घेतली. "लोकांना रंग दाखवायचा नाही," ते म्हणाले, "माणूस दाखवायचाय. रंग त्यांच्या डोळ्यांत असेलच तर त्यांचा त्यांना दिसेल."

तालमी शाळेत व्हायच्या. अंगणात शेणाचा सडा असायचा, त्याचा ओला वास यायचा. कोंडिबाच्या हॉटेलातून चहा यायचा. सगळ्यांना कपबशा, सोमनाथला मात्र हॉटेलाच्या खिडकीत वेगळा ठेवलेला कानतुटका पेला. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. ते तसंच चालत आलं होतं. एका संध्याकाळी गुरुजींनी तो पेला उचलला, त्यातून स्वतः चहा प्याले आणि परत हॉटेलाच्या खिडकीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी वकिलाच्या शेवटच्या भाषणात एक नवं वाक्य आलं होतं.

यात्रेत नाटक झालं. मग शेजारच्या गावांनी बोलावलं. भोंगवलीला झालं, वेल्ह्याच्या एका वस्तीवर झालं. तिथं वीज नव्हती, गॅसबत्त्या लावून केलं. रस्त्यानं जाणारे ट्रकवाले गाड्या बाजूला घेऊन बघायला थांबायचे. भाषण सुरू झालं की रडणारी पोरंसुद्धा गप्प बसायची. आणि संपल्यावर सोमनाथ आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर यायचा, धनाजीला मिठी मारायचा. ते नाटकात लिहिलेलं नव्हतं. पहिल्या प्रयोगाला आपोआप घडलं आणि मग दरवेळी घडत राहिलं.

पुढं गुरुजी बदलून गेले, नंतर वारले. घरोघरी टीव्ही आले, नाटकं बंद पडली, रस्ता मोठा झाला, वड गेले. धनाजीचं नाव तेवढं राहिलं.

त्या दुपारनंतर चार दिवसांनी धनाजीच्या विहिरीवरची मोटार जळाली. ती टेम्पोत टाकून तो कापूरहोळला सोमनाथकडं घेऊन गेला. सोमनाथचं तिथं, भोरला वळणाऱ्या फाट्याजवळ, पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. दोघं आता साठी ओलांडलेले, पण एकमेकांना भेटले की अजून 'अरे-तुरे'वरच.

सोमनाथनं मोटार उतरवून घेतली, चहा सांगितला आणि म्हणाला, "धना, बरं झालं आलास. एक पावणा दाखवतो तुला." त्यानं दुकानाच्या मागच्या बाजूला हाक मारली. तारांच्या वेटोळ्यांमागं एक गोधडी अंथरलेली होती, तिच्यावर पुस्तकं मांडलेली. तिथून उठून तो उंच काळा तरुण बाहेर आला.

चार दिवसांपूर्वी धनाजीच्या फाटकातून परत गेलेला तोच.

सोमनाथनं सगळं सांगितलं. पोराचं नाव बराका. आफ्रिकेतल्या टांझानियाचा. कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतोय. राहत होता त्या खोलीच्या मालकाला पावण्यारावळ्यांनी नावं ठेवली, म्हणून त्यानं खोली सोडायला लावली. परीक्षा तोंडावर आली आणि डोक्यावर छप्पर नाही. अवकाळी पावसाची एक सर आली त्या संध्याकाळी हा दुकानापुढं पुस्तकांची पिशवी छातीशी धरून पत्र्याखाली उभा होता. सोमनाथनं आत बोलावलं.

"नसरापूरपासून हितंपतूर समद्या पाट्या हिंडला," सोमनाथ म्हणाला. "जाईल थितं एकच उत्तर. कालच गेली. मला तर हसूच आलं बघ. ही आपल्या मुलखातली समदी घरं काल एकाच दिशी भरली म्हनायची!"

धनाजी खाली बघत राहिला. आता हा पोरगा बोट दाखवणार, याच म्हाताऱ्यानं मला घालवलं असं म्हणणार, म्हणून त्यानं अंग आकसून घेतलं. पण बराकानं नुसते हात जोडले. "नमस्कार बाबा," म्हणाला. जसं काही पहिल्यांदाच पाहतोय.

सोमनाथला मात्र चेव आला होता. तो बराकाकडं वळून मोठ्या अभिमानानं सांगू लागला, "तुला रोज सांगतो न्हवं, आमच्या गावात एक वकील व्हता? काळ्या माणसासाठी भांडला त्यो? त्यो हाच. ह्यो माजा वकील."

बराकानं धनाजीकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर धनाजीनं तो झेलला असता. पण त्या पोराच्या डोळ्यांत धनाजीला वाचवायची धडपड होती. म्हाताऱ्याची लाज मित्रासमोर उघडी पडू नये म्हणून तो हसायचा प्रयत्न करत होता. "वकीलसाहेब," तो हळूच म्हणाला.

धनाजीनं हातात आलेला चहाचा पेला तसाच खाली ठेवला. जन्मभर ज्या एका नावावर तो मिरवला होता, ते नाव आज त्याला टोचलं.

"सोम्या," तो अखेर म्हणाला, "ह्येला घालवणाऱ्यात म्या पन हाय. माज्या दारात आल्ता. म्या म्हनलो कालच गेली."

हातातली पकड सोमनाथनं फळीवर नीट ठेवली. मग शांतपणे म्हणाला, "धना, तुला एक सांगू? मला पिंजऱ्यात हुबं ऱ्हायाची सवय व्हती. नाटकात न्हाई, त्येच्या आदीपासून. तू भाषण करायचास तवा मला वाटायचं, ह्यो समद्या गावाला सांगतोय. पन भाषण करनाऱ्यानं येक कान आपल्याकडं ठिवायचा आसतो, बाबा. लोकाला सांगताना आपून ऐकलं न्हाई, तर त्ये भाषण कशाचं? त्यो नुसता आवाज."

"मंग आता काय करू?"

"मला काय इचारतोस? पोरगं हुबं हाय की म्होरं."

धनाजी बराकाकडं वळला. "बाबा, म्या खोटं बोललो व्हतो. खोली रिकामी हाय. येतोस का?"

बराकानं आधी सोमनाथकडं पाहिलं. सोमनाथनं मान हलवली तेव्हा तो पुस्तकं आवरायला मागं गेला.

संध्याकाळी दुरुस्त झालेली मोटार आणि पोरगा दोन्ही टेम्पोतून कामथडीत आले. पारूबाईनं वर जाऊन खोली झाडली आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त थापली.

वाचकहो, गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसाचं मन बदलणं आणि गावाचं मन बदलणं यांत फार अंतर असतं. आकाशनं पोलीस ठाण्यात जाऊन भाडेकरूची रीतसर नोंद केली. तरी गावात कुजबुज सुरू झाली. धनाजीची सून माधुरी पिठाच्या गिरणीत गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. किराणावाला उगाच विचारायचा, "पावणा किती दिवस हाय?" वरच्या मजल्यावरचा कामगार म्हणाला, आम्ही दुसरीकडं बघतो. बराकाच्या हे ध्यानात येत होतं. तो सकाळी लवकर जायचा, अंधार पडायच्या आत परतायचा आणि जिन्यावरून पाय न वाजवता चढायचा. संध्याकाळी गच्चीत उभा राहून तो फोनवर आईशी बोलायचा. भाषा कळत नसे, पण कुठल्याही आईला फोनवर 'मी बरा आहे, जेवलो' असं सांगणारा आवाज कळतोच. पारूबाई खाली तो ऐकत बसायची.

यात्रेची बैठक देवळाच्या सभामंडपात भरली. वर्गणी, पालखी, कुस्त्यांचा फड, सगळं ठरलं. अध्यक्ष म्हणून गेनूतात्या बसले होते, गावातले सर्वांत वडीलधारे. सोमनाथही कापूरहोळहून आला होता. बायका मागच्या बाजूला खांबाशी बसल्या होत्या. शेवटी इंद्रजित उठला. यात्रेची सगळी धावपळ तोच करायचा. मनानं वाईट नव्हता, पण तापट होता.

"धनाजीआबा, राग मानू नका," तो म्हणाला. "पन गावात आयाबहिणी हायत. माजी बहीण छाया रोज एसटीनं भोरला कॉलेजला जाती. कोन कुठला त्यो, त्येचं घर आपल्याला म्हाईत न्हाई. असली मानसं काय काय करत्यात ते मोबाईलवर बगतोय आपून. तुमी खोली खाली करून घ्या. न्हाईतर यंदा तुमच्या घरची वर्गणी गाव घेनार न्हाई."

वर्गणी न घेणं म्हणजे काय, ते गावात राहणाऱ्यालाच कळतं. ज्याची वर्गणी नाही त्याचा देव नाही, यात्रा नाही, तो गावातच नाही. आकाश तावातावानं उठला. धनाजीनं त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

उभा राहिला खरा, पण काय बोलावं ते सुचेना. शब्द जुळवून बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तेवढ्यात मागून कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "बोला की वकीलसाहेब!"

धनाजीनं डोळे मिटले. शाळेचं अंगण आठवलं, ओल्या शेणाचा वास आठवला. आणि इतक्या वर्षांत ओठावर न आलेले शब्द, गुरुजींच्या त्या शुद्ध भाषेत, आपोआप बाहेर आले.

"न्यायमूर्ती महाराज! साक्षीदार म्हणतो, रात्र अमावास्येची होती. साक्षीदार म्हणतो, स्वतःचा हात स्वतःला दिसत नव्हता. आणि तोच साक्षीदार म्हणतो, पळणारा माणूस काळा होता. महाराज, अमावास्येच्या रात्री कोण काळा नसतो? मी काळा असतो, आपण काळे असता, मालकाचं गोरं शरीरही काळंच असतं. अंधारात रंग दिसत नाही. मग साक्षीदाराला तो दिसला कुठं? कोठारापाशी नाही दिसला. तो त्याच्या मनात आधीपासून होता. तिथं दिसला."

काही पोरं हसली होती, ती थांबली. म्हाताऱ्यांच्या माना वर झाल्या.

"या पिंजऱ्यात आपण कातडं उभं केलंय आणि शिक्षा देणार आहात माणसाला. कातड्याला भूक लागत नाही, महाराज. कातड्याची आई गावाकडं वाट बघत नाही..."

इथं धनाजी अडला. बराकाचा गच्चीवरचा फोन त्याला मनात ऐकू आला. पुढचं वाक्य निसटलं ते निसटलंच.

मागच्या खांबापासून एक बारीक, थरथरता आवाज आला. "काळं रान... काळं रान म्हन, धना."

ती धोंडाबाई होती. कोंडिबा हॉटेलवाल्याची बायको, आता म्हातारी आणि एकटीच राहणारी.

"काळं रान," धनाजीनं धागा धरला, "वाट्याला यावं म्हणून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. काळ्या दगडाच्या देवापुढं आपण नाक घासतो. आणि काळा माणूस दारात आला की आतून कडी लावतो! महाराज, मग दोष कशात आहे? त्या रंगात, की कडी लावणाऱ्या हातात?"

आता पुढच्या रांगेतल्या दोघातिघा म्हाताऱ्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. गेनूतात्या डोळे मिटून ऐकत होते. शेवटचं वाक्य धनाजीनं अगदी हळू म्हटलं.

"निकाल आपण कागदावर लिहाल. पण तो इथं लागत नाही. तहानलेला माणूस उंबऱ्यापाशी येतो, तेव्हा घरातला माणूस त्याच्यासाठी कुठला पेला उचलतो, तिथं निकाल लागतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग इंद्रजित म्हणाला, जरा नरमाईनंच, "आबा, भाषण झ्याक हाय. पन नाटक हाय ते. त्यातला आरोपी कागदावरचा. खरा मानूस येगळा आसतो."

"नाटक व्हय रं?" धोंडाबाई खांबाचा आधार घेऊन उठली. "नाटक आमी समद्यांनी बघितलं. माज्या नवऱ्यानं बघितलं. दुसऱ्या दिशी सकाळी त्यानं खिडकीतला त्यो कानतुटका पेला काडला आन ओढ्यात भिरकावून दिला. म्या इचारलं, काय झालं? तर म्हनला, गुरुजींनी माज्या हाटेलाचं नाव न घेता मलाच पिंजऱ्यात हुबं केलं. त्या दिसापासनं आमच्या हाटेलात येकच कपबशी. गिऱ्हाईक तुटलं, चार मानसं यायची बंद झाली. तरी कोंडिबा हटला न्हाई. आता सांग, नाटक खोटं व्हतं, पर त्यो पेला खरा व्हता का न्हवता?"

सोमनाथनं मान खाली घातली होती. त्याचे खांदे हलत होते. धनाजीला त्याच्याकडं बघवेना.

"धोंडावैनी," धनाजी म्हणाला, आणि आता तो स्वतःच्या बोलीत बोलत होता, "कोंडिबा माज्यापरीस मोठा. त्यानं येकदा ऐकलं आन पेला फेकला. म्या ते भाषण किती येळा केलं, आन ह्यो पोरगा दारात आला तवा म्याच कडी लावली. पाटी लटकत व्हती आन म्या त्येला म्हनलो खोली गेली. का? तर समोर दुकानावर तुमी लोक बसला व्हता. मला तुमचं भ्या वाटलं. आन तुमाला माजं वाटत आसंल. आसं समदं गाव येकमेकाला भ्यालंय, आन त्यात त्यो पोरगा भरडला जातोय."

तो इंद्रजितकडं वळला. "तुजी बहीण ती माजीबी लेक. तुजी काळजी खरी हाय. त्यो वाकडा वागला तर तुज्या आदी म्या त्येला हाताला धरून भाईर काडीन. पन त्येनं काय केलं ते येकदा सांग. येक गोष्ट सांग, आन आत्ता खोली खाली करतो."

इंद्रजितनं तोंड उघडलं. मोबाईलवरचं काहीबाही त्याला आठवलं असेल. पण बराकानं काय केलं, ते त्याला सांगता येईना. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कुणीच त्याच्या मदतीला आलं नाही.

गेनूतात्यांनी डोळे उघडले. "वर्गणी घ्या रं वकिलाची," ते म्हणाले, "आन बैठक संपली."

सगळ्यांची मनं त्या एका बैठकीत निवळली असं मी सांगणार नाही. काहीजण पुटपुटत घरी गेले. वरचा कामगार खोली सोडून गेलाच. पण दुसऱ्या दिवशी माधुरी गिरणीत गेली तेव्हा तिच्याशी दोघीतिघी बोलल्या, आणि किराणावाल्यानं बराकाला पहिल्यांदाच पिशवी हातात दिली. आधी तो ती काउंटरवर सरकवायचा. रिकाम्या झालेल्या खोलीत आठवड्याभरात बराकाचा एक मित्र राहायला आला. धोंडाबाईनं निरोप पाठवला, माझ्याही मागच्या खोलीला कुणी असेल तर बघा, घर खायला उठतंय.

इंद्रजितनं माफी मागितली नाही. तशी माणसं माफी मागत नाहीत. पण परीक्षा संपल्यानंतरच्या एका संध्याकाळी तो धनाजीच्या फाटकात येऊन उभा राहिला. हातात व्हॉलीबॉल होता. यात्रेच्या सामन्यांना गावच्या संघात जाळ्यापाशी उंच माणूस नव्हता. त्यानं घसा खाकरला, गच्चीकडं पाहिलं आणि गावातल्या कुठल्याही पोराला मारावी तशी हाक मारली, "ए बारक्या! हायस का रं वर? चल खेळाया!"

सहा फुटी बराका कठड्यावरून खाली वाकून बघू लागला, आणि पारूबाईला हसू आवरेना. परक्याला नाव असतं. बारक्या, पिंट्या, बंडू अशी हाक मात्र गाव फक्त आपल्याच पोराला मारतं. बराकाला या शब्दाचा अर्थ कळला नव्हता. तरी तो जिन्यावरून धडाधड पाय वाजवत खाली आला.

त्या दिवशी धनाजी मैदानापर्यंत चालत गेला. सोमनाथही कापूरहोळहून आला होता. दोघं बांधावर बसून खेळ बघत होते. सोमनाथ म्हणाला, गुरुजी आज असायला हवे होते. धनाजीनं मान हलवली. जुन्या दिवसांचं त्याला फार वाटत होतं. ती वडाची सावली, ते ट्रकवाले, ती तालीम. पण पहिल्यांदाच त्याला वाटलं की ते दिवस नुसते आठवायचे नसतात, आपण त्यांचं काही देणं लागतो.

वाचकहो, न्यायाची सुंदर भाषणं आपण सगळ्यांनीच ऐकली आहेत. कुणी शाळेत, कुणी नाटकात, कुणी पुस्तकात. ऐकताना आपले डोळे भरून आले, आपण टाळ्या वाजवल्या, आणि त्या वकिलाच्या बाजूनं आहोत असं आपल्याला मनापासून वाटलं. पण टाळ्या दोन्ही हात मोकळे असताना वाजतात. दार उघडायला मात्र कडीवर हात ठेवावा लागतो. माणसाचा रंग, जात, मुलूख बघून 'खोली कालच गेली' असं ज्या दिवशी आपण म्हणणार नाही, त्याच दिवशी त्या वकिलानं खटला जिंकला असं समजा. नाहीतर तो अजून उभाच आहे, आपल्याच अंगणात, आपण कधी ऐकू म्हणून वाट बघत.